एल युंकेतली रात्रपाळी

वटवाघळं पकडण्याचं निम्मं काम उजेडातच उरकावं लागतं. ओढ्यावर किंवा पायवाटेवर फांद्या जुळून कमान झाली असेल, अशी जागा हेरायची आणि दोन खांबांमध्ये बारीक काळं नायलॉनचं जाळं बांधायचं. ते उघडायचं मात्र अंधार पडल्यावर, नाहीतर पक्षी अडकतात. प्युर्टो रिकोतलं एल युंके हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांपैकी एकमेव उष्णकटिबंधीय वर्षावन. इथे रात्र झाली की कोकी बेडकांच्या ओरडण्यात शेजारच्याचं बोलणंही नीट ऐकू येत नाही.

जाळ्यापाशी थोड्या थोड्या वेळाने जावंच लागतं. उशीर झाला, की वटवाघूळ स्वतःला आणखी गुंतवून घेतं आणि जाळं कुरतडतं. ते ज्या बाजूने शिरलं, त्याच बाजूने सोडवायचं. हातमोजा चढवलेला असला तरी पकड हलकी ठेवायची. मग कापडी पिशवीत घालून वजन करायचं आणि हाताचं हाड मापायचं. पंख दिव्यासमोर पसरला, की बोटांचे सांधे दिसतात. सांध्यांतून उजेड आरपार गेला, तर पिल्लू अजून वाढतंय. नोंद झाली की लगेच सोडून द्यायचं. पावसाचा जोर वाढला, की जाळी गुंडाळावी लागतात.

प्युर्टो रिको बेटावर वटवाघळांच्या 13 जाती आहेत. समुद्रातले सोडून मूळच्या इथल्या सस्तन प्राण्यांपैकी आज एवढेच उरले आहेत. बाहेरचे मात्र वाढत गेले. उंदीर जहाजांतून आले. उसातल्या उंदरांचा बंदोबस्त करायला 1877 मध्ये मुंगूस आणलं आणि तेही जंगलात पसरलं. नुसत्या जाती मोजल्या, तर माणसाने सस्तन प्राण्यांची विविधता वाढवली असंच म्हणावं लागेल!

झाडांच्या आकड्यांचंही तसंच. ऊस, कॉफी आणि तंबाखूपायी 1940च्या दशकात बेटावर जेमतेम 6 टक्के जंगल राहिलं होतं. पुढे माणसं शेती सोडून कारखान्यांकडे आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे गेली. पडीक रानं पुन्हा वाढली, आज निम्म्याहून अधिक बेट झाडांखाली आहे. त्यात फळं खाणाऱ्या वटवाघळांचा मोठा वाटा. याग्रुमोसारख्या झाडांच्या बिया ती उडता उडता उघड्या जमिनीवर टाकत जातात.

पण वाढलेलं रान सगळ्यांना सारखं मानवत नाही. जाळ्यात नेहमी येतं ते जमैकन फळवटवाघूळ. ते धडधाकट असतं, लांबवर जाऊन खातं आणि गुहेतही राहतं. तांबूस अंगाचं, खांद्यांवर पांढरे ठिपके असलेलं स्टेनोडर्मा हे वटवाघूळ मात्र फक्त प्युर्टो रिको आणि व्हर्जिन बेटांवर सापडतं आणि झाडाच्या शेंड्यातच झोपतं. सप्टेंबर 1989 मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने शेंडे उडवले. तेव्हा मायकेल गॅनन आणि मायकेल विलिग या संशोधकांनी केलेल्या नोंदींनुसार दोन्ही जाती घटल्या. जमैकन साधारण दोन वर्षांत सावरलं, स्टेनोडर्मा मागे राहिलं, त्याची वीणही मंदावली. 2017 मध्ये मारिया वादळाने त्याच जंगलाची पुन्हा दाणादाण उडवली.

जाळ्यालाही मर्यादा आहेत. उंचावर किडे टिपणारी वटवाघळं त्यात क्वचितच येतात, त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रण यंत्र लावावं लागतं. जंगल परत आलं का, याचं उत्तर वरून काढलेल्या हिरव्या छायाचित्रात नसतं. झाडांच्या शेंड्यांत कोण झोपतंय आणि कोणाला पिल्लं होतायत, हे वर्षानुवर्षं रात्री जागून मोजावं लागतं.