आंघोळीच्या पाण्याचा हिशेब



पस्तीस वर्षें मीं विद्यार्थ्यांकडून एक वाक्य घोकून घेतलें : एक कॅलरी म्हणजे ४.१८४ जूल. मुलें तें बिनचूक म्हणत, गुणाकारहि बरोबर करीत, आणि मी समाधानानें पुढील पाठाकडे वळत असें. सेवानिवृत्त झाल्यावर शेजारच्या एका नववींतील मुलीनें विचारलें, "आजोबा, हा आंकडा कोणीं ठरविला?" आज तो सोयीसाठीं ठरवून टाकला आहे हें खरें, परंतु मुळांत तो शोधून काढावा लागला. हा भेद मीं वर्गांत कधींच सांगितला नव्हता, हें त्या दिवशीं मनाला लागलें.

मैल आणि किलोमीटर दोन्ही अंतरच मोजतात. कॅलरी व जूल यांचें तसें नव्हतें. एक ग्रॅम पाणी एक अंश तापविणारी उष्णता ती कॅलरी. एक न्यूटन बलानें वस्तु एक मीटर सरकविली म्हणजे होणारें कार्य तें जूल. चुलीचा आणि ओझ्याचा संबंध काय? अठराव्या शतकांत पुष्कळ विद्वानांस उष्णता हा एक वजनरहित द्रव वाटे. रम्फर्डनें म्यूनिक येथें तोफेची नळी बोथट हत्यारानें कोरविली आणि १७९८ सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. घोड्यांची शक्ति, भोंवतीं पाण्याची पेटी, विस्तव कोठेंच नाहीं. आणि अडीच तासांत पाणी उकळूं लागलें! पुढें जेम्स जूल या इंग्रज मद्यव्यावसायिकाच्या मुलानें वजनें खालीं सोडून पाण्यांत वल्हीं फिरविलीं व पाणी किती तापतें तें मोजलें. वाढ अंशाच्या अपूर्णांकांत असे. तरी तो वर्षानुवर्षें मोजीत राहिला. १८५० सालचा त्याचा आंकडा आजच्या आंकड्याहून शेंकडा एकानेंहि चुकलेला नाहीं.

आतां स्नानाचें पाणी घेऊं. वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यावयाचें. वीस किलो गुणिलें वीस अंश, म्हणजे ४०० किलोकॅलरी. (येथें विद्यार्थी हटकून घसरतात. आहाराविषयीं बोलतांना आपण जिला नुसती कॅलरी म्हणतों ती वस्तुतः किलोकॅलरी असते, आणि उत्तर हजारपटींनीं चुकतें.) त्याचे सुमारें १६७४ किलोजूल झाले. विजेचें एक युनिट म्हणजे एक किलोवॅट एक तासभर, अर्थात् ३६०० किलोजूल. म्हणजे आपलें स्नान अर्ध्या युनिटाच्या आंतच आटोपतें. परंतु हीच ऊर्जा साठ किलोंच्या मनुष्यास उचलण्याकडे लाविली, तर तो २८०० मीटरांहून वर जाईल! कळसूबाईचें शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर आहे.

"मग बादलीभर ऊन पाण्यानें मला कळसूबाईवर नेतां येईल का?" मुलीचा पुढचा प्रश्न. येथें निसर्ग हात आंखडतो. कार्याची उष्णता सगळीच्या सगळी होते. उष्णतेचें कार्य मात्र तसें होत नाहीं. तापमानांतील अंतर जितकें थोडें, तितका मिळणारा वांटा लहान, हें कार्नोनें १८२४ सालीं दाखविलें. ४५ अंशांचें पाणी २५ अंशांपर्यंत निवेपर्यंत सर्वोत्कृष्ट यंत्रहि शंभरांत चार भाग कार्य देणार नाहीं. त्या साठ किलोंच्या मनुष्याची चढण नव्वद मीटरांच्या आसपास संपेल.

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांतील वाफ पुष्कळच अधिक तप्त असते. तरी तेथेंहि उष्णतेच्या सुमारें एक तृतीयांशाचीच वीज होते. म्हणजे न्हाणीघरांतील ४०० किलोकॅलरींसाठीं तेथें बाराशेंच्या आसपास जळतात. उरलेल्या बहुतेक सर्व थंड करण्याच्या पाण्याबरोबर व धुराड्यावाटे निघून जातात.