कोरियन कांडी, रहाटणीचे गाल

लिपस्टिकपेक्षा जाड, तपकिरी, क्रीमची कांडी. गालाच्या हाडाखाली ओढायची, बोटाने विरवायची, की चेहरा रेखीव दिसतो. कोरियन कॉन्टूर स्टिक आता रहाटणीत मोबाइलवर ऑर्डर टाकली की दारात येते. मी ती गालांवर लावून पाहिली आणि मनापासून आवडली. पण शेड नीट निवडली तरच ती खुलते. तिच्याविषयीच्या या काही गमतीच्या आणि कामाच्या गोष्टी.

मूळ रंगभूमीवर
लुडविग लाइश्नर हा जर्मन ऑपेरा गायक. १८७३ मध्ये त्याने बर्लिनमध्ये नटांसाठी तेलकट रंगांची कंपनी काढली आणि त्याच्या रंगकांड्या जगभरच्या नाटकवाल्यांकडे पोचल्या. प्रखर दिव्यांखाली चेहरा सपाट दिसतो, म्हणून गालाखाली गडद रंग हवाच. पुढे १९४०च्या दशकात मॅक्स फॅक्टर कंपनीने ‘पॅन-स्टिक’ आणली. आपल्याकडे पिंपळे गुरवच्या निळू फुले नाट्यगृहात प्रयोगाआधी रंगभूषाकार नटाचे गाल घडवतो, तेव्हा तंत्र तेच असतं.

गेरूची नातेवाईक
तपकिरी रंग येतो कुठून? लाल, पिवळ्या आणि काळ्या आयर्न ऑक्साइडच्या मिश्रणातून. अंगणातल्या गेरूचा लाल रंग त्याचाच, भोसरीच्या फॅब्रिकेशन शॉपमधल्या रेड ऑक्साइडचाही. चेहऱ्यासाठीचा मात्र वेगळा, शुद्ध करून तयार केलेला असतो. त्यात शिसं आणि आर्सेनिक किती चालेल याची मर्यादा ठरलेली असते. तो मेणात आणि तेलात घोटून, गरम असतानाच साच्यात ओततात. म्हणून अंगाच्या उबेने कांडी मऊ होते.

नाव एकाचं, माल दुसऱ्याचा
कितीतरी कोरियन ब्रँडचा स्वतःचा कारखानाच नसतो. कोलमार कोरिया (१९९०) आणि कॉसमॅक्स (१९९२) या कंपन्या अनेक ब्रँडना माल बनवून देतात. चाकण-भोसरीतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. गाडीवर नाव मोठ्या कंपनीचं असतं, पण आतले पार्ट इथल्या व्हेंडरकडून गेलेले असतात. आणि कोरिया या पट्ट्याला परका नाहीच. रांजणगावात एलजी आहे, चाकणला ह्युंदाईची अर्थमूव्हिंग यंत्रं बनतात आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला.

गाल खोल नको, चेहरा निमुळता हवा
पाश्चात्त्य पद्धतीत गालफडाखाली ठळक खळगा दाखवतात. कोरियन पद्धतीत रुंद गालफडं आणि जबडा सौम्य करून चेहरा हनुवटीकडे निमुळता दाखवण्यावर भर. त्यामुळे रंग गालाच्या मधोमध न येता कानाकडच्या कडेला राहतो, आणि तोही अगदी हलका. रोज ऑफिसला जाणाऱ्यांना ही पद्धत सोयीची, कारण मेकअप केलाय हे चटकन कळत नाही.

लावायची अशी
सनस्क्रीन मुरू द्या. कांडी आधी हाताच्या पाठीवर फिरवा, म्हणजे जादा रंग तिथेच राहतो. कानाच्या वरच्या टोकापासून ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने आखूड रेघ ओढा आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली थांबा. मग अनामिकेने किंवा ओलसर स्पंजने थोपटत वरच्या बाजूला न्या. घासू नका, खाली ओढू नका. पावडर नेहमी शेवटी. पावडरवर क्रीम लावलं की चट्टे उठतात.

स्कार्फची परीक्षा
काळेवाडी फाट्यावरून हिंजवडीला स्कूटीवर जाणारीचा चेहरा स्कार्फमध्ये घट्ट बांधलेला आणि वर हेल्मेट. स्कार्फ नेमका गालांवर आणि जबड्यावर घासतो. त्यामुळे कांडी पर्समध्ये ठेवा आणि ऑफिसात पोचल्यावर लावा. मेकअप स्टिकचा हाच खरा फायदा आहे, ब्रश लागत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र ती डिकीत विसरू नका, मेण वितळतं.

खोकं उलटून बघा
परदेशी सौंदर्यप्रसाधनांची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे लेबलवर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता हवा. हे नसेल तर कांडी स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. तारीखही नीट वाचा. कोरियात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात.

शेड : सगळ्यात मोठी गोष्ट
कोरियन फाउंडेशनमध्ये २१ आणि २३ हे नंबर सर्रास दिसतात, आणि दोन्ही उजळ त्वचेसाठीचे. कॉन्टूरचा रंगही त्याच हिशोबाने फिका आणि राखाडी असतो. गव्हाळ गालावर तो एकतर दिसतच नाही, नाहीतर राख फासल्यासारखा दिसतो. म्हणून आपल्या त्वचेपेक्षा दोन छटा गडद, तांबूस नसलेला तपकिरी घ्या. जबड्यावर रेघ ओढून ट्यूबलाइटखाली नव्हे, गॅलरीतल्या उजेडात बघा. सावळ्या त्वचेला तर कॉफीसारखा गडद रंगच शोभतो.

कंपन्याही हळूहळू ऐकू लागल्यात. तिरतिर या कोरियन ब्रँडने २०२४ मध्ये आपल्या कुशन फाउंडेशनच्या शेड तीसपर्यंत वाढवल्या, कारण गडद त्वचेच्या ग्राहकांनी उघडपणे मागणी केली. आपणही मागत राहू. दुकानात गडद शेड नसेल तर फिकी घेऊन निभावून नेऊ नका, नाही म्हणा. कॉन्टूर रंग उजळवण्यासाठी नसतो. आहे तोच चेहरा, आहे त्याच रंगात रेखीव दाखवण्यासाठी असतो.