छतावरचा पंखा, उशाशी रिमोट

गोंदिया जिल्ह्यातील उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना पंख्याचे मोल सांगण्याची गरज नाही. मे अखेरीस नवतपा सुरू होतो, पारा ४४-४५ अंशांना भिडतो आणि दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीही धग सोडीत राहतात. मध्यरात्री पंखा वाढवायचा, पहाटे गारवा आला की कमी करायचा, हे तरुणांना जाणवतही नाही. परंतु गुडघ्यांच्या दुखण्याने बेजार झालेल्या आजींना त्यासाठी अंधारात भिंतीपर्यंत चालत जावे लागते. वृद्धांच्या पडण्याला अशा फेऱ्या पुष्कळदा निमित्त होतात. त्यामुळे रिमोटचा पंखा ही निव्वळ चैन आहे, असे मला वाटत नाही.

आपल्यातील अनेक घरांत मुले नागपूर, रायपूर वा पुण्याला आणि आईवडील गोंदिया, तिरोडा, आमगावच्या जुन्या वास्तूत, अशी वाटणी झालेली आहे. मुलगा पंखा पाठवतो, वायरमन घाईघाईने तो बसवून जातो आणि काही दिवसांतच रिमोट कपाटावर पडून राहतो. बहुधा तो बिघडलेला नसतो. जोडणी अर्धवट झालेली असते.

रिमोटसह येणारे पंखे बहुतेक ‘बीएलडीसी’ प्रकारचे असतात. जुना पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॅट वीज घेतो, हा ३० वॅटच्या आसपास. दिवसाचे १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला साधारण २० युनिट वाचतात, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरही अधिक काळ साथ देतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जाबचतीची तारांकित पट्टी सक्तीची झाली आहे. खरेदी करताना ती अवश्य पाहावी. मात्र या पंख्याच्या वेगाचे नियंत्रण त्याच्या पोटातील सर्किट करते. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मध्ये राहिला, तर पंखा गुरगुरतो, अडखळतो, कधी सर्किटच जळते. रेग्युलेटर काढून बटणापासून थेट तार द्यावी, हे वायरमनला आपण आठवणीने सांगितले पाहिजे.

जुना पंखा चांगला असेल, तर तो टाकून देण्याचे कारण नाही. रिमोटचा लहानसा संच बाजारात वेगळा मिळतो. त्याला फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा लागतात. जुन्या घरांच्या बटणफळीत पुष्कळदा न्यूट्रल नसते, ते थेट छतापर्यंत गेलेले असते. अशा वेळी संच पंख्याच्या दांड्यावरील वाटीत बसवणे सोयीचे. येथेही रेग्युलेटर मधून काढावाच लागतो. हे काम मुख्य पुरवठा बंद करून जाणकारानेच करावे.

आता रिमोटची आणि पंख्याची ओळख करून देणे उरते. एकाच दिवाणखान्यात एकाच कंपनीचे दोन पंखे असले, की एका रिमोटने दोन्ही हलतात आणि सासूबाईंचा पंखा वाढवताना सासऱ्यांनाही वारा सोसावा लागतो! ज्या पंख्यांत जोडणीची सोय आहे, तेथे दुसरा पंखा भिंतीवरून बंद ठेवावा, पहिला चालू करावा आणि पहिल्या काही सेकंदांतच माहितीपत्रकात सांगितलेले बटण दाबून धरावे. ‘बीप’ आवाज आला वा दिवा लुकलुकला की जोडणी झाली. कोणते बटण, हे प्रत्येक कंपनीचे निराळे असते. म्हणून ते पत्रक जपून ठेवावे. रिमोट चालतो की नाही अशी शंका आली, तर त्याचे टोक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. टीव्हीच्या रिमोटसारखा अवरक्त किरणांचा असेल, तर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पुष्कळ मोबाईलच्या पडद्यावर जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या रिमोटला ही कसोटी लागू नाही.

खरी अडचण यानंतरची आहे. वीज वाया जाऊ नये म्हणून खोलीबाहेर पडताना बटण बंद करणे, ही आपल्या वडीलधाऱ्यांची आयुष्यभराची सवय. भिंतीवरचे बटण बंद असेल, तर रिमोट कितीही दाबला तरी पंखा हलत नाही, आणि मग ‘हे नवे काही चालत नाही’ असा निकाल लागतो. निदान झोपण्यापूर्वी ते बटण चालू आहे, एवढे पाहण्याची सवय त्यांना लावावी. वाढवण्याच्या, कमी करण्याच्या आणि बंद करण्याच्या बटणांवर तीन रंगांचे ठिपके चिकटवावेत, रिमोट दोरीने पलंगाला बांधावा, सेलची जोडी शेजारच्या खणात ठेवावी. मुलांनी परत जाण्यापूर्वी एक रात्र आजींना दिवा न लावता तो वापरून पाहू द्यावा.

दुपारची गोष्ट निराळी. हवा ४० अंशांहून अधिक तापली, की पंखा शरीर थंड न करता उलट तापवतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला आहे. नवतप्याच्या दुपारी म्हणून केवळ पंख्याच्या भरवशावर वृद्धांना बंद खोलीत ठेवू नये. खिडक्यांना जाड पडदे, अंगावर ओले फडके, थोड्या थोड्या वेळाने पाणी आणि शक्य तेथे वाळ्याच्या पडद्याचा कूलर, अशी व्यवस्था एप्रिलपासूनच करून ठेवावी.