सर्व्हर पाडणं म्हणजे फोडणं नव्हे

मोठी वेबसाइट बंद पडली आणि बातमीत ‘सायबर हल्ला’ हे शब्द आले, की पहिली धास्ती वाटते ती आपला पासवर्ड चोरीला गेल्याची. डीडॉस हल्ल्यात मात्र कुणी आत शिरतच नाही. असंख्य ठिकाणांहून एकदम इतक्या विनंत्या पाठवायच्या, की खऱ्या ग्राहकाला उत्तर द्यायला सर्व्हरला उसंतच मिळू नये, एवढाच खेळ.

त्यासाठी ताब्यात घेतलेल्या संगणकांची फौज लागते, असंही मानलं जातं. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅमर मंडळी आपला कोड जिथे ठेवतात तिथे, सेकंदाला १.३५ टेराबिटचा लोंढा आला तो अशा फौजेशिवायच. मेमकॅश्ड हे सॉफ्टवेअर खरं तर कंपनीच्या आतल्या जाळ्यात राहायला हवं. पण निष्काळजीपणामुळे कित्येक मेमकॅश्ड सर्व्हर इंटरनेटवर उघडे पडले होते. हल्लेखोराने त्यांना चिमुकल्या विनंत्या धाडल्या आणि पाठवणारा म्हणून पत्ता टाकला गिटहबचा. उत्तरं गेली गिटहबकडे, तीही ५१,००० पटींपर्यंत फुगून!

त्यामुळे ‘त्रास देणारे आयपी पत्ते ब्लॉक करा’ हा सल्ला तोकडा पडतो. दिसतात ते पत्ते त्या बेसावध सर्व्हरचे. खरा माणूस कुठेच दिसत नाही. खोटा पत्ता पकडता येतो तो हल्लेखोराच्या बाजूच्या इंटरनेट पुरवठादाराला. आपल्या जाळ्यातून बाहेर पडणाऱ्या पॅकेटवर पत्ता आपल्याच जाळ्यातला आहे ना, एवढंच त्याने बघायचं. ही शिफारस मे २००० मधली. ती आजही सगळे पाळत नाहीत, आणि माझ्या मते कारण तांत्रिक नाहीच: खर्च आपला, फायदा परक्याचा.

सर्वांत महागात पडणारा समज फायरवॉलचा. गल्लीच ट्रकांनी तुंबली, तर दारावरच्या वॉचमनने करायचं काय? १० गिगाबिटच्या लाइनवर कुणी १०० गिगाबिट लोटले, तर फायरवॉलच्या अलीकडेच लाइन भरते. शिवाय फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद ठेवते. ते कोष्टक भरलं, की सर्व्हरच्या आधी तीच बसते. गाळायचं ते वरच्या अंगाला, जिथे लाइन रुंद आहे. गिटहबने आपलं येणारं ट्रॅफिक अकामाई कंपनीकडे वळवलं, तिथे कचरा गाळला गेला. साइट पाच मिनिटं पूर्ण बंद होती, पुढची चार रखडत चालली. ही सोय आधीपासून हाताशी होती, म्हणून दहा मिनिटांत निभावलं.

मग मोठी लाइन घेतली की झालं? तसंही नाही. २०२३ मध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीने सेकंदाला २० कोटींवर विनंत्यांचा हल्ला नोंदवला. त्यामागे जेमतेम २०,००० यंत्रं होती. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपी/२ मध्ये विनंती करून लगेच रद्द करता येते, त्याचा हा गैरफायदा. इथे लाइन नव्हे, सर्व्हर दमतो. उपाय सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीत.

‘आमच्याकडे कोण कशाला येईल?’ असं म्हणणाऱ्यांसाठी २०१६ चा मिराई हा घातक प्रोग्रॅम. साठेक डिफॉल्ट पासवर्ड आलटूनपालटून लावत तो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेई. २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांनी डाइन या डीएनएस कंपनीला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीला, वेढलं आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांना उघडेनात, जरी त्यांचे स्वतःचे सर्व्हर धडधाकट होते. कॅमेरा मालकाला चित्र नेहमीसारखंच दाखवत राही. उपकरण बंद करून चालू केलं, की मिराई मेमरीतून पुसला जाई. पासवर्ड तोच ठेवला, तर काही मिनिटांत परत येई.