ठिणगी नसतानाही आग!

बालमित्रांनो, झरी-तलासरीच्या आकाशातून विमान गेलं की तुम्ही माना वर करून बघता ना? त्याच्या पंखांतल्या टाक्यांत काय असतं, ठाऊक आहे? चक्क रॉकेल! अर्थात, खूप शुद्ध केलेलं.

आता सांगा, आग लागायला काडी ओढावीच लागते का? मुळीच नाही! कढईतलं तेल फार तापलं की आधी धूर येतो, मग ते आपोआप भडकतं. ज्या तापमानाला पदार्थ असा पेट घेतो, त्याला ज्वलनांक म्हणतात. विमानाच्या रॉकेलचा ज्वलनांक सुमारे २२० अंश सेल्सिअस. इंजिनाचे काही भाग तर याहून कितीतरी तापतात! शेजारूनच इंधनाच्या आणि तेलाच्या नळ्या जातात. म्हणजे गळती झाली की धोका आलाच.

१२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅरव्हेल विमानात असंच घडलं. इंजिनातल्या एका चकतीला बारीक तडा गेला होता. ती फुटली, तिच्या तुकड्यांनी इंधनाच्या नळ्या तोडल्या आणि आग भडकली. विमान मागे वळलं, पण उतरण्याआधीच कोसळलं. ९५ माणसं गेली.

२० ऑगस्ट २००७ रोजी जपानमधल्या नाहा विमानतळावर आणखी एक विमान पेटलं. देखभालीच्या वेळी एक छोटा वॉशर बहुधा गळून पडला होता. त्यामुळे निसटलेला बोल्ट टाकीत घुसला आणि इंधन तापलेल्या इंजिनावर सांडलं. पण सगळे १६५ जण वेळेत बाहेर पडले.

म्हणूनच इंजिनाभोवती आग अडवणारी भिंत असते. गळलेलं इंधन बाहेर टाकणाऱ्या नळ्या असतात. आग लागलीच, तर वैमानिकासमोर दिवा लागतो, घंटा वाजते. तो एक दांडा ओढून इंधन बंद करतो, मग आग विझवणारा वायू सोडतो.

घरीही हेच सूत्र! कढई पेटली तर पाणी कधीही ओतू नका. तेल उडून आग पसरेल. कढई उचलूही नका. लगेच मोठ्यांना हाक मारा. त्यांनी गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं. हवा तुटली की आग विझते. कढई गार होईपर्यंत झाकण मात्र काढायचं नाही.

आहे ना सोपं? आज रात्री जेवताना आई-बाबांनाही सांगा हं!