सुतक कुणी पाळायचं? (लेखमाला : वेग आणि माणूस, भाग ९)

मोटारसायकल शर्यतीतलं हेल्मेट, अंगावरचं चामडी कवच आणि धावपट्टीच्या कडेची खडी यांनी स्वारांचे जीव कसे वाचवले, हे मागच्या भागात पाहिलं. या सगळ्यानंतरही जीव वाचला नाही, तर मागे उरलेल्या स्पर्धकांनी काय करायचं, हा या भागाचा विषय आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई इथल्या मद्रास आंतरराष्ट्रीय सर्किटवर राष्ट्रीय मोटारसायकल अजिंक्यपद स्पर्धेची फेरी चालू होती. नवोदितांची शर्यत सुटल्यावर लगेच, पहिल्या वळणातून बाहेर पडताना बंगळुरूचा श्रेयस हरीश पडला. डोक्याला जबर मार लागला आणि तो वाचला नाही. त्याचं वय १३ वर्षं होतं. संयोजकांनी शनिवार-रविवारच्या उरलेल्या सगळ्या शर्यती रद्द केल्या. पुढचे काही दिवस चर्चा झाली ती त्याच्या वयाची, आईवडिलांच्या निर्णयाची आणि सुरक्षेची. ती व्हायलाच हवी होती. पण त्याच्याबरोबर सुरुवातीच्या रेषेवर उभी असलेली मुलं त्या संध्याकाळी कुठे गेली आणि त्यांच्याशी कोण बोललं, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत जवळजवळ आलाच नाही.

बीड जिल्ह्यात, सोलापूर-धुळे महामार्गावरच्या चौसाळ्यात बसून हा लेख वाचणाऱ्याला चेन्नईचं सर्किट लांबचं वाटेल, पण दुखवट्याची रीत त्याला कुणी शिकवायला नको. घरात मयत झाली की बहुतेक घरांत चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. दहाव्याला कोण येणार, तेराव्याला काय होणार, हे ठरलेलं असतं. दुःखात बुडालेल्या माणसाला ‘आता मी काय करू’ हे स्वतः ठरवावं लागत नाही, हे या रीतीचं मोठं बळ आहे. ही रीत नात्यावर उभी आहे. प्रतिस्पर्धी मात्र नात्यातला नसतो, शेजारी नसतो, पुष्कळदा मित्रही नसतो. वर्षानुवर्षं ज्याच्या मागच्या चाकाकडे बघत शर्यती केल्या तो गेला, तर त्याचं सुतक कुणाला लागतं? अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाची मांडणी केली. ज्या शोकाला समाज शोक म्हणून मान्यताच देत नाही तो आत दबून राहतो आणि म्हणूनच जास्त त्रास देतो, असं त्यांचं म्हणणं. स्पर्धकाचा शोक नेमका या जातीचा आहे. त्यात आणखी एक काटा असतो. गेलेला माणूस ज्या कारणाने गेला, तेच काम मागे राहिलेल्याला पुढच्या आठवड्यात करायचं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे : स्पर्धकाच्या मृत्यूचा शोक ही प्रत्येक स्वाराने आपापल्या मनाच्या कणखरपणावर निभावायची खासगी बाब नाही. त्याला जागा, वेळ आणि रीत देणं हे खेळ चालवणाऱ्या संस्थेचं काम आहे. संस्था ते करते तेव्हा काय घडतं आणि टाळते तेव्हा काय घडतं, याची उदाहरणं जागतिक मोटोजीपीत शेजारी-शेजारी सापडतात. ५ सप्टेंबर २०१० रोजी इटलीतल्या मिसानो इथे मोटो-टू गटात शोया तोमिझावा हा जपानी स्वार गेला. त्यानंतरची मुख्य मोटोजीपी गटाची शर्यत तरीही ठरल्या वेळी सुटली आणि आपला सहकारी गेल्याची बातमी त्या स्वारांना शर्यत संपल्यावर मिळाली. पुढच्याच वर्षी २३ ऑक्टोबरला मलेशियातल्या सेपांग इथे मार्को सिमोंचेल्ली पडला आणि मागून येणाऱ्या कॉलिन एडवर्ड्स व व्हॅलेंटिनो रॉसी यांच्या गाड्या त्याच्यावर आदळल्या. रॉसी तर त्याचा जिवलग मित्र. या वेळी शर्यत रद्द झाली. दोन आठवड्यांनी स्पेनमधल्या वॅलेन्सियाला तिन्ही गटांच्या स्वारांनी मिळून त्याच्यासाठी एक फेरी मारली. त्याच्या वडिलांनी शांतता नको, आवाज हवा असं सांगितलं होतं, म्हणून मौनाऐवजी इंजिनं आणि फटाके धडधडले. ज्यांच्या गाड्या त्याला लागल्या होत्या त्यांच्यासाठी या सामूहिक फेरीचं मोल किती असेल, याचा विचार करावा. त्यात कुणी गुन्हेगार नव्हता आणि कुणी एकटा नव्हता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ‘शर्यतीत उतरणाऱ्याला धोका माहीत असतो, तो पत्करूनच येतो. रडत बसायचं असेल तर घरी बसावं.’ आइल ऑफ मॅनच्या डोंगरी रस्त्यावर अडीचशेहून जास्त स्पर्धक गेले आणि तिथली शर्यत अजून चालू आहे, हा दाखला हमखास दिला जातो. पण धोका पत्करणं म्हणजे शोक करण्याचा हक्क सोडून देणं नव्हे. समुद्रावर जाणारा कोळीही धोका पत्करतो, म्हणून बुडालेल्या सोबत्यासाठी कोळीवाडा रडत नाही असं कुणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो खुद्द स्वारांकडून येतो. पुन्हा गाडीवर बसणं हेच औषध आहे, थांबलात तर भीती घर करून बसते, असं ते सांगतात. दाइजिरो काटो ६ एप्रिल २००३ रोजी जपानच्या सुझुका इथे जखमी झाला आणि दोन आठवडे बेशुद्ध राहून गेला. त्यानंतर आठवड्याभरात दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमला त्याचाच संघसोबती सेते जिबरनाऊ शर्यत जिंकला. ही गोष्ट मी नाकारत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेला सिद्धांतही सांगतो, की शोक करणारा माणूस एकदा हानीकडे आणि एकदा पुढच्या जगण्याकडे असा आलटून-पालटून वळत असतो, आणि हे हेलकावे निरोगी असतात. म्हणजे शर्यत करणंही शोकातच बसतं. पण कधी वळायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. २०२१ मधल्या दोन घटना हाच फरक दाखवतात. २९ मे रोजी मुजेल्लो इथे १९ वर्षांचा जेसन द्यूपासकिए पात्रता फेरीत पडला, दुसऱ्या दिवशी गेला. त्याच दिवशी एक मिनिट मौन पाळून लगेच मोटोजीपीची शर्यत सुरू करण्यात आली. आघाडीवर असलेला फ्रान्चेस्को बान्याया दुसऱ्याच फेरीत पडला, आणि ही शर्यत व्हायला नको होती असं नंतर उघडपणे बोलला. सप्टेंबरमध्ये हेरेसला १५ वर्षांचा डीन बेर्ता विन्यालेस गेला, तेव्हा त्याचा नात्यातला भाऊ मॅव्हेरिक विन्यालेस याने पुढच्या आठवड्यातली अमेरिकेतली शर्यत सोडली. त्याला सोडता आली, कारण तो भाऊ होता. बान्यायाला मात्र नातं दाखवता येत नव्हतं.

भारतीय संघाचं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. १२ जानेवारी २०२० रोजी सौदी अरेबियात डकार रॅलीत हीरो मोटोस्पोर्ट्सचा पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्विस गेला. त्याला वाळवंटात पडलेला पाहून टोबी प्राइस हा प्रतिस्पर्धी संघाचा स्वार स्वतःची शर्यत थांबवून त्याच्याजवळ उतरला. संयोजकांनी दुचाकींचा पुढचा टप्पा रद्द केला आणि हीरोने आपला सगळा संघ स्पर्धेतून मागे घेतला. त्याच संघात गोन्साल्विसचा मेहुणा जोआकिम रॉड्रिग्ज होता. संघ थांबला म्हणून त्याला ‘मी थांबू का’ असं कुणाला विचारावं लागलं नाही. पुढे जानेवारी २०२२ मध्ये याच रॉड्रिग्जने डकारमधला एक टप्पा जिंकला. हीरोचा तो पहिलाच टप्पाविजय. थांबल्याने स्वार संपतो या भीतीला मला यापेक्षा चांगलं उत्तर माहीत नाही.

‘प्रक्षेपणाचे करार, तिकिटं, प्रायोजक यांचं काय’ हा आक्षेप मी फार वेळ ऐकून घेणार नाही. पावसाने शर्यत रद्द होते तेव्हा हे सगळं सोसलंच जातं. त्यापेक्षा शोकाचं रूपांतर चौकशीत होतं की नाही, हे महत्त्वाचं. काटोच्या मृत्यूची समितीकडून चौकशी झाली आणि २००४ पासून सुझुका मोटोजीपीच्या वेळापत्रकात नाही. २०२१ मध्ये ह्यूगो मियान आणि डीन विन्यालेस ही कोवळी मुलं गेल्यावर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने ग्रां प्रीसाठी किमान वय २०२३ पासून १८ केलं. कनिष्ठ गटाच्या विजेत्याला अपवाद ठेवला गेला, हे मला पटत नाही, तरी नियम आला. आपला सोबती गेल्यावर काहीतरी बदललं, हे डोळ्यांनी दिसणं मागे राहिलेल्याला मौनाच्या मिनिटापेक्षा जास्त आधार देतं. नुसतं मौन पाळून तीच धावपट्टी, तेच वळण आणि तीच गर्दी समोर ठेवली, तर ते मौन त्याला खोटं वाटतं, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

बीड जिल्ह्यात मोटारसायकलचं सर्किट नाही. पण आपल्याकडे बैलगाड्यांच्या शर्यती होतात, कुस्तीचे फड भरतात, आणि तिथेही एकाच मैदानात घडलेली पोरं एकमेकांसमोर उभी राहतात. पुढच्या जत्रेची पत्रिका छापण्याआधी पंचांनी आणि यात्रा कमिटीने चार गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात : स्पर्धकाचा जीव गेला तर खेळ त्याच क्षणी थांबेल. बातमी स्पर्धकांना लाउडस्पीकरवरून नाही, तर वस्तादाच्या किंवा घरच्या माणसाच्या तोंडून कळेल. ज्याच्या गाडीशी किंवा ज्याच्याशी झुंजताना ते घडलं, त्या मुलाला त्या रात्री एकटं सोडलं जाणार नाही. आणि पुढच्या वर्षी काय बदललं, ते मैदानावर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं जाईल.