खेळण्यातली बस कुठली? ओतीव प्रतिकृती पारखताना

मंडळाच्या बैठकीत एका सभासदाने घरातली बोटभर लांबीची लाल डबल डेकर आणली. “ही आजोबांच्या वेळची हैदराबादची बस,” असं त्यांच्याकडे सांगत आलेत. उलटी करून पाहिली, तर तळाला ‘लेस्ने’ आणि ‘मेड इन इंग्लंड’. म्हणजे बस निघाली लंडनची! अशा वस्तू अनेकांच्या कपाटात असतील, म्हणून हे थोडं टिपण.

डाय-कास्ट म्हणजे वितळवलेलं जस्ताचं मिश्रण पोलादी साच्यात दाबाने भरून केलेली प्रतिकृती. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून ‘डिंकी’ या नावाने, तर लेस्नेने १९५३ पासून ‘मॅचबॉक्स’ मालिकेत अशा गाड्या काढल्या. पुढे डिंकीच्या जुन्या साच्यांतून कलकत्त्यात ‘निकी’ नावाची खेळणी निघाली. त्यामुळे तळाला ‘मेड इन इंडिया’ दिसलं, तरी ओतकाम इथलं एवढंच ठरतं. मूळ गाडी इथली ठरत नाही.

मग आपली बस कुठली? निजाम स्टेट रेल्वेच्या रोड ट्रान्सपोर्ट विभागाची सेवा जून १९३२ मध्ये २७ गाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांवर सुरू झाली. त्या काळातली ग्लासगोच्या अल्बियन कंपनीची एक बस आरटीसीने जपून ठेवली आहे. याच सेवेचा मराठवाड्यातला भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई राज्याकडे गेला आणि पुढे एसटीत मिसळला. एसटीचं एक मूळ असं आपल्या हैदराबादेत आहे.

जपणुकीचं म्हणाल, तर रंग उडाला म्हणून नवा रंग देऊ नका. मूळ रंग, अक्षरं, चाकं यांवरूनच प्रत कधीची ते कळतं. युद्धापूर्वीच्या काही प्रतींच्या जस्तात शिशाची भेसळ असे. असा धातू आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. त्यावर इलाज नाही. ओल आणि उष्णता टाळायची, आणि वेळेत सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवायचे.

सगळ्यात महत्त्वाची म्हणजे सोबतची चिठ्ठी: कुणी घेतली, कुठून, कोणत्या साली, कुणासाठी. बस लंडनची असली तरी तिच्याशी खेळलेलं पोर इथलंच होतं, आणि ही माहिती कुठल्याच तळपाटावर कोरलेली नसते. सांगणारे आहेत तोवर विचारून घ्या.